आईच्या पोटाचा राब

३ मार्च १९९८, मंगळवार

विमा एजंटाने जानेवारीत दिलेली ही डायरी कपाटावर पडून होती. आज उघडली. आजपासून आई माझ्याकडे राहायला आली आहे, आणि तिच्यासमोर जे बोलता येत नाही ते कुठेतरी ठेवायला हवं.

गेल्या महिन्यात गावी, पोशेऱ्याला, तिचं पोट एकाएकी नगाऱ्यासारखं फुगलं. वारा सरेना, शौचाला होईना. माझ्या भावाने, जिव्यादादाने, जीप करून तिला नाशिकला नेलं. आतड्याच्या शेवटच्या वेढ्याला पीळ पडून वाट बंद झाली होती. चिरफाड न करता, खालून नळी घालून त्यांनी पीळ सोडवला आणि दुसऱ्या दिवशी आई चहा मागायला लागली. पण तिथल्या डॉक्टरांनी बजावलं की तो वेढा लांब आणि सैल आहे, पुन्हा पिळणार, आणि तेव्हा घाट ओलांडायला वेळ मिळेलच असं नाही. ती धडधाकट असतानाच तेवढा भाग काढून टोकं जोडून घ्या म्हणाले. जव्हारला ट्रस्टच्या दवाखान्यात निशा मॅडम ही ऑपरेशनं करतात, म्हणून तिला माझ्या खोलीवर आणली.

"धडधाकट हाय तर कापायचं कशाला?" आई एसटीतून उतरतानाच म्हणाली.

"पुन्हा पीळ पडू नये म्हणून."

"पडंल तवा बघू."

हे संभाषण आज चार-पाच वेळा झालं. माझा कुकरचा भात तिला चिकट लागतो. खाटेवर झोप येत नाही म्हणून तिने खाली घोंगडी टाकली आहे. मी पंचायत समितीत आस्थापनेचं टेबल सांभाळते, शंभर शिक्षकांच्या बदल्यांची गाऱ्हाणी ऐकते, पण एका आईपुढे माझं काही चालत नाही.

८ मार्च, रविवार

काल मॅडमना दाखवलं. पन्नाशीच्या आहेत, केस आखूड, बोलणं थोडं. आईच्या पोटावरून हात फिरवून म्हणाल्या, "होळीनंतर करू. आजी, होळी घरी करायची असेल ना?" आई एकदम खूश. मला मात्र वाटलं, होळीसाठी ऑपरेशन लांबवायची इतकी हौस कशाला? पण मॅडमचं बोलणं तिथेच संपलं नव्हतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईला जेवण नाही. फक्त पाणी, शहाळं, दूध न घातलेला चहा. मग एक खारट पाणी भरपूर प्यायचं, त्याने आतडं धुऊन निघतं. आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंत दोन प्रकारच्या प्रतिजैविक गोळ्या.

"पण तिला ताप नाही, पू नाही," मी म्हणाले. "मग गोळ्या कशाला?"

"होऊ नये म्हणून. मोठं आतडं म्हणजे जंतूंचं गाव. आत आहेत तोवर ते आपले सोबती. पण आपण तिथे सुरी लावणार, टाके घालणार. तेव्हा ते बाहेर पडून पोटात आणि जखमेत गेले तर घाण होते. नुसतं धुऊन ते संपत नाहीत. गोळ्या आतड्यातच काम करतात, संख्या कमी करतात. वर ऑपरेशनच्या आधी शिरेतून इंजेक्शन देऊच."

मला पटलं. रामी मावशी आठवली. तिचं आतडं घाईघाईत, रात्रीच्या वेळी, काहीच तयारी नसताना कापावं लागलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले आणि मग जखम चिघळली. पावसाळाभर ती दवाखान्यात पडून होती. घरी आलीच नाही. आई तेव्हा तिच्या उशाशी होती. आईने त्यावर कधी काही सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

एक अडचण झाली. दोनपैकी एक गोळी, निओमायसिन, जव्हारात कुठेच नाही. तीन दुकानं फिरले. "नाशिकला मिळंल, ताई," एवढंच.

१३ मार्च, शुक्रवार

पोशेऱ्याहून आज परतलो. आई होळीभोवती अशी नाचली की जिव्यादादा म्हणाला, "हिला कसलं आपरेशन करतेस?" मी वहिनीकडे बघितलं. तिनेच त्याला गप्प केलं.

मंगळवारी ऑफिसात भोयेंना गोळीचं सांगितलं होतं. सुदर्शन भोये, बांधकामाच्या टेबलावर असतात, जामसरचे. स्वभावाने गरीब. माझ्या टेबलाशी रोज काही ना काही विचारायला येतात. बहुधा आस्थापनेचे नियम त्यांना नीट कळत नसावेत.

१६ मार्च, सोमवार

भोयेंनी गोळ्या आणल्या! मोटारसायकलवरून नाशिकला गेले होते. मी आभार मानले तर म्हणाले, "त्यात काय, मला तिथे कामच होतं." नशीब म्हणायचं. वेळेवर काम निघालं त्यांचं.

संध्याकाळी खोलीवर येऊन गेले. आईशी तासभर बोलत बसले, कोलपी भात बरा की दुसरा कुठला, नाचणीला किती पाऊस लागतो. मला वाटलं होतं गोळ्या देऊन निघतील. आईने त्यांना माझा कुकरचा भात वाढला आणि त्यांनी दोनदा मागून घेतला. ते गेल्यावर आई म्हणाली, "भात चांगला झाला होता आज." मी रोज करते तसाच होता.

१८ मार्च, बुधवार

आज दवाखान्यात दाखल. उद्या ऑपरेशन.

खारट पाण्याचा पहिला पेला घेऊन आईने तोंड वाकडं केलं. "समुद्रच पाजतेस का गं?" शेवटचे दोन पेले सिस्टर गौराने गोड बोलून पाजले. ही गौरा मोखाड्याची, आवाज मोठा, हात हलके. आईच्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर तिने दरारा बसवला आहे. दिवसभर आईच्या फेऱ्या चालू. गोळ्या मात्र मुकाट घेतल्या. गौरा हातावर ठेवायची, आई तोंडाकडे हात न्यायची, वर पाणी प्यायची. मी म्हणाले, "घे, मॅडमनी सांगितलंय," आणि तिने "बरं" म्हटलं. इतकी शहाण्यासारखी ती कधी वागत नाही.

गौराने विचारलं, "आजी, मळमळतं का? तोंडाला धातूची चव येते का?"

"नाय. गोड लागल्या."

गौराने भुवई वर केली. मला अभिमान वाटला, आमच्या आईची प्रकृतीच कणखर.

१९ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं नाही.

सकाळी गौरा आईला हिरवा झगा घालत होती. लुगडं सोडताना पदराची गाठ सुटली आणि आतून पांढरा-पिवळा लगदा निघाला. गोळ्या. सगळ्याच्या सगळ्या. काल नळावर तोंड धुताना पदर भिजला, त्यात त्या विरघळल्या होत्या.

मी ओरडले. वॉर्डात ओरडू नये हे मला कळतं, तरी ओरडले. "आये, हे काय केलंस? कोण कुठून नाशिकवरून आणून देतो आणि तू गाठीत बांधतेस?"

आई खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "नाशिकवरून आल्या म्हनूनच ठेवल्या. पोटाच्या चांगल्या गोळ्या. मला कुठं काय दुखतंय? पावसात जिव्याच्या पोरांची पोटं जातात, वाटा बंद होतात, तवा कुठून आनायच्या?"

मॅडम आल्या, लगदा बघितला, आईशेजारी खाटेवर बसल्या. मला वाटलं आता आईला रागावतील.

"आजी, या गोळ्या पोरांना द्यायच्या नाहीत हं. पोट जातं तेव्हा मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. आज ऑपरेशन नको. घाई नाही आपल्याला. घाई नसणं हीच तर आपली चैन आहे." मग मला म्हणाल्या, "यांना गोळ्या कशासाठी ते सांगितलं होतं?"

"हो," मी म्हणाले. "घ्यायच्या आहेत असं सांगितलं होतं."

मॅडमनी कागद उलटला आणि मंगळवारची वेळ दिली.

दुपारी आईला भात खायला मिळाला. ती इतकी आनंदाने जेवली की शेजारच्या खाटेवरच्या रुपीबाईलाही भूक लागली.

२० मार्च, शुक्रवार

काल संध्याकाळी भोये शहाळी घेऊन भेटायला आले होते. ऑपरेशन झालं असेल या समजुतीने दारातच घाबरून उभे. सगळं कळल्यावर हसू दाबत म्हणाले, "मग परत नाशिक."

"तुम्हाला कशाला त्रास, भाऊ," मी म्हणाले. "मी एसटीने जाऊन येईन."

"मला उद्या कामच आहे तिकडे."

ते गेल्यावर आई माझ्यावर उखडली. "भाऊ कोनाला म्हनतेस गं? तुला एक भाऊ हाय, तो पुरे हाय."

"आये, मान म्हणून म्हणतात तसं."

"नको तो मान."

पाहुण्याला नातं चिकटवलेलं आईला आवडत नाही बहुधा. जुन्या माणसांचं काही सांगता येत नाही. उगाच वाद नको म्हणून मी बरं म्हटलं.

आज संध्याकाळी गोळ्या आल्या. घाटात चाक पंक्चर झालं होतं, शर्टाला काळं लागलं होतं. यांना आठवड्यात दोनदा नाशिकला जावं लागतं, बांधकामवाल्यांचं काही खरं नाही.

२१ मार्च, शनिवार

ऑफिस अर्धा दिवस. आई दोन दिवसांसाठी खोलीवर आहे. दुपारी मागच्या ओट्यावर बसलो होतो. समोरच्या उतारावर कोणी राब भाजत होतं, भाताच्या रोपांच्या जागेवर पाला-शेण पसरून जाळत होतं. धूर सरळ वर जात होता. आई डोळे बारीक करून बघत होती. "शेन कमी टाकलंय. पाला जास्त. जळून जाईल भसकन."

मला एकदम वाटलं, आत्ता सांगावं.

"आये, आपण राब का भाजतो?"

"हे काय विचारनं झालं? तू शेतात वाढलीस ना?"

"सांग तरी."

"तनाचं बी जळतं. किडं मरतात. मग भाताचं रोप जोरात येतं. न भाजता पेरलं तर गवतच माजतं, रोप गुदमरतं."

"तण उगवल्यावर भाजता येतं?"

"रोपाबरोबर? येडी हायस का?"

"मग त्या गोळ्या म्हणजे राब. मॅडम तुझ्या पोटात पेरणी करणार, टाके घालणार. त्याआधी भाजून घ्यायचं. तण माजल्यावर मग काही करता येत नाही. रामी मावशीचं तसंच झालं. तिला राब भाजायला वेळच मिळाला नव्हता."

आईने धुराकडे तोंड फिरवलं. मला वाटलं रडते की काय. मग म्हणाली, "रामीच्या पोटाला वास यायचा. मी उदबत्ती लावून बसायची. तिला वाटायचं देवासाठी लावते."

मी तिचा हात धरला. हात धरून बसायची आम्हाला सवय नाही. थोड्या वेळाने तिने तो सोडवून घेतला, पाणी प्यायला.

"राब भाजला तरी थोडं गवत येतंच," ती म्हणाली.

"म्हणून इंजेक्शन पण आहे."

"आनि चांगली मातीबी भाजते ना? तिचं काय?"

हे मला ठाऊक नव्हतं. मॅडमना विचारायचं ठरलं.

२३ मार्च, सोमवार

पुन्हा दाखल. मॅडमना विचारलं. त्या मोठ्याने हसल्या, प्रथमच बघितलं त्यांना हसताना. "खरं आहे, चांगलेही जातात थोडे. म्हणून एकच दिवस द्यायच्या, उगाच आठवडाभर नाही. पोट चालू झालं की ताक प्या, आंबील प्या, गाव पुन्हा वसतं."

"आंबील चालंल?" आई उठून बसली. "नाचनीची?"

"नाचणीचीच."

आज गोळ्या खऱ्या गेल्या. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेनंतर आईचा चेहरा पांढरा पडला. "पितळेचा तांब्या चाटल्यासारखं लागतंय गं." उमासे यायला लागले. गौरा म्हणाली, उलटी झाली तर गोळ्या वाया जातील, शांत बसवा, लांब श्वास घ्यायला लावा. तेवढ्यात भोये आले, ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आईला विचारायला लागले, पोशेऱ्याच्या तुमच्या खालच्या शेताला बांध कुणी घातला, किती वर्षं झाली, दगड कुठून आणले. आई दात आवळून एकेक शब्द सांगत होती. सांगता सांगता तिच्या सासऱ्यापर्यंत पोचली. मग एका दगडावरून झालेल्या भांडणापर्यंत. मग तिला हसू आलं आणि मळमळ गेली.

शेवटची खेप तिने स्वतः मागून घेतली. गौराने तोंड उघडून जीभ वर करायला लावली. आईने तेही केलं.

मी मात्र घाबरले आहे. रामी मावशीलाही सगळे म्हणत होते, काही होणार नाही.

२४ मार्च, मंगळवार

झालं.

सकाळी आत नेली. जिव्यादादा वहाणा हातात घेऊन व्हरांड्यात बसला होता. मी त्याला वहाणा खाली ठेव म्हटलं, तरी ठेवेना. भोयेही होते. ऑफिसात त्यांचं आज काही नसावं. उन्हं व्हरांड्यात आली तशी आम्ही बाक सरकवत गेलो.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा टोपीखाली केस भिजलेले. "आतडं स्वच्छ मिळालं. छान जोडलं गेलं. आता थांबायचं."

दादाने वहाणा खाली ठेवल्या.

२६ मार्च, गुरुवार

आई चिडचिडी आहे, म्हणजे बरी आहे असं गौरा म्हणते. नाकात नळी, हाताला सलाईन. रुपीबाई जेवली की आई तोंड फिरवते.

आज ऑफिसात गेले. शिपाई भोयेंचे रजेचे अर्ज माझ्या टेबलावर ठेवून गेला. सोळा तारीख, वीस तारीख, चोवीस तारीख. तिन्ही किरकोळ रजा. मला नवल वाटलं. नाशिकला सरकारी काम होतं, तर रजा कशाला? खाजगी काही असेल. दोनदा जावं लागलं म्हणजे अडचणीचंच असणार. विचारावं का? नको. माणूस सांगत नाही तर आपण खोदून विचारू नये. मंजुरीसाठी पुढे पाठवले.

२८ मार्च, शनिवार, पाडवा

आज दवाखान्यात लोकांनी गुढी उभारली आणि त्याच सुमाराला आईचा वारा सरला. गौरा वॉर्डभर ओरडत गेली, "आजींचं झालं! आजींचं झालं!" रुपीबाईने टाळ्या वाजवल्या. आयुष्यात एवढ्या गोष्टीचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मॅडमनी नळी काढली. आई पहिलं पाणी प्यायली, चमच्याने. म्हणाली, "गोड हाय." या वेळी खरं सांगत होती.

पट्टी बदलताना मी मुद्दाम जवळ उभी राहिले. लाली नाही, पाणी नाही. आईनेही मान वाकवून बघितलं, मग नाक जवळ नेता येईल तेवढं नेऊन वास घेतला.

"कसला वास घेतेस?"

"कसलाच नाय," ती म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पदराने पुसलं.

३ एप्रिल, शुक्रवार

टाके निघाले. जखम कोरडी, सरळ, पेन्सिलीने ओढल्यासारखी. घरी सोडलं. खोलीवर येताच आईने आंबील मागितली, मी केली, तिने सांगितलं पातळ झाली. दोन वाट्या प्यायली.

१९ एप्रिल, रविवार

आईला पोशेऱ्याला पोचवून आले. जड उचलायचं नाही असं वहिनीला चार वेळा सांगितलं. खोली फार मोठी वाटते आहे. घोंगडी अजून तिथेच खाली आहे, उचलली नाही.

भोये आता टेबलाशी फारसे येत नाहीत. नियम समजले असतील. मला उगाच चुकल्यासारखं होतं. काल मीच त्यांच्या टेबलाशी जाऊन एका परिपत्रकाबद्दल विचारलं, जे मला पाठ आहे.

३ मे, रविवार



काल पोशेऱ्याला आले. आई अंगणात बसून वहिनीला राबाचा पाला कसा पसरायचा ते सांगत होती. तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. आज सकाळी एक बाई आल्या, सोबत एक म्हातारे गृहस्थ. वेणूबाई, जामसरच्या, भोयेंच्या आई. सोबतचे भोयेंचे मामा. मला वाटलं आईची तब्येत बघायला आले. मी पाणी दिलं, चटई टाकली, मॅडमनी केलेलं सगळं त्यांना नीट समजावून सांगितलं. आतडं, पीळ, गोळ्या. वेणूबाई सगळं ऐकत होत्या, पण बघत माझ्याकडे होत्या. दादा नवा सदरा घालून आला तेव्हाही मला काही कळलं नाही.

मग वेणूबाई म्हणाल्या, "पोरी, आमच्या जामसरला उन्हाळ्यात पाणी लांबून आनावं लागतं. चालंल ना?"

मी म्हणाले, "मला काय, लहानपणापासून सवय आहे."

मामांनी टोपी नीट केली. वहिनीने तोंडावर पदर घेतला. आणि मग आई हसायला लागली, पोटावर हात धरून, अशी की मी घाबरून म्हणाले, "आये, हळू, जखम."

"जखमेला काय व्हतंय," आई म्हणाली. "तू काय बोललीस ते ऐकलंस का?"

तेव्हा मला कळलं. सोळा, वीस, चोवीस तारखा कळल्या. नाशिकचं काम कळलं. मी आत पळाले आणि चुलीपुढे उगाचच फुंकर मारत बसले, विस्तव पेटलेला असताना.

बाहेरून आईचा आवाज आला, "पोरी, च्या वाढव थोडा. तो खाली रस्त्यावर गाडीजवळ उभा हाय सकाळपासून. वर यायला लाजतो."

"मग दादाला पाठव."

"दादाचं काय काम तिथं?"

मी चहा वहिनीकडे दिला. केस नीट केले. परसातून खाली पायवाटेने गेले. ते मोटारसायकलला टेकून उन्हात उभे होते, शर्ट इस्त्रीचा, बुटांवर धूळ. मला बघून सरळ उभे राहिले.

आम्ही काय बोललो ते इथे लिहिणार नाही.